लॉग कुठल्या ओळीपासून वाचायचा? इस्रायलवरची पुस्तकं, मिरजेचा दोस्त आणि आज्जीचे दोन प्रश्न

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना भरल्या आहेत.)

 हेडफोन लावलेत ना? एसटीत खिडकीजवळ बसला असाल, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, नाहीतर मोटर चालू करून बांधावर टेकला असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय जरा जड आहे. इस्रायल. बातम्यांमधला नाही, पुस्तकांमधला. आधीच सांगून टाकतो, मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. घर सातारा जिल्ह्यात, बीटेक सांगलीत, नोकरी पुण्यात, आणि दिवसभर कोड लिहितो. पण या विषयात मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय, आणि उठून उभं राहायला मला दीड वर्ष आणि सात-आठ पुस्तकं लागली. ती गोष्ट आज सांगायची आहे.

७ ऑक्टोबर २०२३. हमासनं इस्रायलमध्ये घुसून हल्ला केला. सुमारे १२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास माणसांना ओलीस धरून गाझात नेलं. त्या रात्री मी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं. इस्रायलचा झेंडा, एक रणगाडा, आणि खाली लिहिलं, 'आता बघा इस्रायल काय असतं ते.' मेलेल्या माणसांचं दुःख त्यात अजिबात नव्हतं हो. मॅच सुरू व्हायच्या आधी आपण ठेवतो ना, तसलं स्टेटस होतं ते.

माझा एक जिगरी दोस्त मिरजेचा. कॉलेजला चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. मेसमधल्या शेवटच्या चपातीवरून भांडलोय आणि एकाच्या नोट्सवर दोघं पास झालोय. हे सगळं सांगायला त्याची परवानगी आहे, फक्त नाव नको म्हणाला. तर त्यानं स्टेटसला रिप्लाय दिला : 'तिथं आधी कोण राहत होतं, माहितीये का तुला?'

मी बिनधास्त टाइप केलं : 'कोणी नाही. वाळवंट होतं. यांनी हिरवं केलं.'

निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही. त्यानंतर आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आता मला सांगा, 'वाळवंट होतं' हे मी एवढ्या खात्रीनं कुठून बोललो? मी त्या विषयावरचं एक पान तपासून वाचलेलं नव्हतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. नंतर शोधलं तर ते दोन ठिकाणांहून आलेलं निघालं.

एक म्हणजे आबांचं कपाट. माझ्या आजोबांना वाचायचा लय नाद. त्यांच्या कपाटात इस्रायलवरची दोन मराठी पुस्तकं होती, आणि मला वाटतं महाराष्ट्रातल्या अनेक घरांत, गावातल्या वाचनालयांत हीच दोन सापडतील. ना. ह. पालकरांचं 'इस्रायल : छळाकडून बळाकडे' आणि वि. ग. कानिटकरांचं 'इस्रायल : युद्ध, युद्ध आणि युद्धच'. पालकर हे संघातले, डॉ. हेडगेवारांचे चरित्रकार. कानिटकर म्हणजे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' लिहिणारे. नाझींवरचं ते जाडजूड पुस्तक मी नववीत असताना रात्र-रात्र जागून वाचलं होतं. ६० लाख ज्यूंना मारलं, हे वाचल्यावर तुमच्या हातात इस्रायलचं पुस्तक आलं, तर मनात काय होणार? पिक्चरचा शेवट गोड झाला, असंच वाटणार. मलाही वाटलं.

दुसरं ठिकाण म्हणजे सांगलीची द्राक्षं. तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या कुठल्याही जुन्या बागायतदारापुढं इस्रायल म्हणा, तो ठिबकबद्दल बोलायला लागेल. त्यात खोटं काही नाही. सिम्चा ब्लास नावाच्या इंजिनिअरच्या कल्पनेवर १९६५ साली हात्झेरिम नावाच्या किबुत्झमध्ये ठिबकचा कारखाना निघाला. किबुत्झ म्हणजे सामुदायिक शेतीचं गाव. ती नेटाफिम कंपनी आज आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही माहीत आहे. जतपासून आटपाडीपर्यंतच्या दुष्काळी पट्ट्यात ज्यानं थेंबा-थेंबावर बाग जगवली, त्याला इस्रायल हा देश आपला गुरू वाटतो. माझ्या मामांनाही वाटतो.

म्हणजे माझा इस्रायल होता अर्धा आबांच्या कपाटातला आणि अर्धा मामांच्या बागेतला. त्यात शौर्य होतं, विज्ञान होतं, पाणी होतं. फक्त तिथं आधी राहणारा माणूस त्यात नव्हता.

जून २०२४ मध्ये आमच्या एका कॉमन मित्राच्या लग्नात आम्ही समोरासमोर आलो. पंगतीत योगायोगानं शेजारी बसलो. पहिली पाच मिनिटं मठ्ठ्याबद्दल बोललो. मग तो म्हणाला, "तुझं ते स्टेटस इस्रायलसाठी नव्हतंच. ते माझ्यासाठी होतं." मी गप्प. मग थोड्या वेळानं तोच म्हणाला, "खरं सांगायचं तर मी पॅलेस्टाईनचं स्टेटस ठेवतो, तेव्हा बऱ्याचदा मीपण मिरजेबद्दलच बोलत असतो."

मंडळी, या विषयावर मी नंतर जे काही वाचलं, त्यात या दोन वाक्यांएवढं मला काहीच लागलं नाही. चार हजारांहून जास्त किलोमीटरवरच्या देशाचं नाव घेऊन आपण आपल्या गल्लीतलं भांडण करत असतो. तिथली माणसं खरोखर मरत असतात, आणि आपण त्यांच्या झेंड्यानं एकमेकांना टोचत असतो.

तिथंच आम्ही एक डील केलं. त्यानं माझ्या बाजूची वाटणारी पुस्तकं वाचायची, मी त्याच्या बाजूची. एकमेकांना फोन करून सांगायचं ते फक्त एवढंच, की यात नवीन काय कळलं. वाद घालायचा नाही. सुरुवातीलाच अडचण आली. आबांच्या कानिटकरांची पानं सुटली होती, म्हणून मी सांगलीत दुसरी प्रत शोधत होतो. पण २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं गेली, तेव्हापासून सांगलीत जुनं पुस्तक शोधणं सोपं राहिलेलं नाही. शेवटी आबांचीच प्रत रबरबँड लावून त्याला दिली. आबा म्हणाले, "परत आन म्हणावं."

आता पुस्तकांकडे वळू. मी पहिल्यांदा एक गोष्ट शिकलो, आणि ती मला माझ्याच कामातनं समजली. प्रॉडक्शनला सर्व्हर पडला की आपण लॉग उघडतो. आता समजा मी लॉग १० वाजून ५ मिनिटांपासून वाचला, तर चूक पेमेंटवाल्या टीमची दिसते. ९ वाजून ४० मिनिटांपासून वाचला, तर डेटाबेसवाल्यांची. आदल्या रात्रीपासून वाचला, तर माझी स्वतःचीच निघते! लॉग कुठंच खोटा नसतो. पण तो कुठल्या ओळीपासून वाचायचा हे जो ठरवतो, तो अर्धा निकाल तिथंच लावून टाकतो.

इस्रायलवरच्या पुस्तकांचं तसंच आहे. पहिलं प्रकरण कुठल्या सालापासून सुरू होतं, ते आधी बघा.

रशीद खालिदी यांचं 'द हंड्रेड इयर्स वॉर ऑन पॅलेस्टाईन', २०२० साली आलेलं. त्यांचं पहिलं युद्ध १९१७ मध्ये सुरू होतं. त्या साली ब्रिटिशांनी बाल्फोर जाहीरनामा काढला आणि पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय घर उभारायला पाठिंबा दिला. पण पुस्तक उघडतं त्याच्याही आधी, लेखकाच्या घराण्यातल्या एका कागदावर. त्यांचे एक पूर्वज युसुफ दिया अल-खालिदी, जेरुसलेमचे नगराध्यक्ष राहिलेले. १८९९ मध्ये त्यांनी झायोनिस्ट चळवळीच्या थिओडोर हर्झलना पत्र पोचवलं. त्यात शिवीगाळ नाही. ज्यूंचा त्या भूमीशी जुना संबंध आहे हे ते मान्य करतात. पण तिथं आधीच लोक राहतात, म्हणून कृपा करून पॅलेस्टाईनला सुखानं राहू द्या, असा त्याचा आशय. हर्झलनी उत्तर दिलं की ज्यू आले तर तुमचाही फायदाच होईल. म्हणजे माझ्या दोस्तानं मला २०२३ मध्ये जो प्रश्न विचारला, तो १८९९ मध्ये विचारून झाला होता.

आता दुसऱ्या बाजूचं. अनिता शापिरा, इस्रायली इतिहासकार, जन्म वॉर्सातला, १९४० चा. साल बघा फक्त. त्यांचं 'इस्रायल : अ हिस्टरी' सुरू होतं एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या ज्यूंपासून. रशियात दंगली होतायत, फ्रान्ससारख्या पुढारलेल्या देशातही ज्यू अधिकाऱ्यावर खोटा खटला चालतोय, आणि 'आता आपला स्वतःचा देश हवा' ही कल्पना तिथं जन्माला येतेय. ते वाचताना तुम्ही म्हणता, बरोबर आहे, ही माणसं दुसरं करणार तरी काय होती?

दोन्ही पुस्तकं प्रामाणिक आहेत. दोघांच्या लॉगमध्ये सुरुवातीची ओळ वेगळी आहे, एवढंच.

मग 'वाळवंट होतं' या माझ्या वाक्याचं काय झालं? ते पहिल्याच महिन्यात मेलं. आणि मारलं कुणी, तर संत्र्यांनी. जाफा हे भूमध्य समुद्रावरचं बंदर. तिथली शामुटी जातीची संत्री एकोणिसाव्या शतकापासूनच युरोपच्या बाजारात जात होती. जाड सालीची, बोटीच्या प्रवासात टिकणारी. ती जात विकसित केली तिथल्या अरब बागायतदारांनी. दक्षिणेला नेगेवचं वाळवंट आहे, ते खरंच. पण किनाऱ्यावर बागा होत्या, पेट्या भरणारे लोक होते, भावासाठी भांडणारे व्यापारी होते. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मजी एक्स्पोर्टवालं हुतं की!" तासगावच्या माणसाला हे समजायला इतिहासकार लागत नाही.

आकडेही बघू. १९४७ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये ढोबळमानानं दोन तृतीयांश लोक अरब होते आणि एक तृतीयांश ज्यू, म्हणजे सहा लाखांच्या आसपास. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव केला. ३३ देश बाजूनं, १३ विरोधात, १० तटस्थ. ज्यू राष्ट्राला निम्म्याहून थोडी जास्त जमीन मिळणार होती. ज्यू नेतृत्वानं ठराव मान्य केला, अरब नेतृत्वानं नाकारला. युद्ध पेटलं. १४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा झाली आणि शेजारच्या अरब देशांच्या फौजा आत घुसल्या. त्या युद्धात सहा हजारांहून जास्त इस्रायली मारले गेले, म्हणजे त्यांच्या लोकसंख्येच्या जवळजवळ एक टक्का. आणि सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. इस्रायली त्याला स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात, पॅलेस्टिनी नकबा म्हणतात, म्हणजे महासंकट. युद्ध एकच आहे.

ते ७ लाख लोक स्वतःहून गेले की हाकलले? इथं खरी गंमत आहे, आणि ती इस्रायलच्याच इतिहासकारांनी केलीये. १९८० च्या दशकात १९४८ ची सरकारी कागदपत्रं खुली झाली. बेनी मॉरिस नावाचा माणूस अर्काइव्हमध्ये जाऊन बसला आणि १९८८ मध्ये त्याचं निर्वासितांच्या प्रश्नावरचं पुस्तक आलं. गावोगावचा हिशोब त्यात आहे. कुठलं गाव हल्ल्यात रिकामं झालं, कुठलं भीतीनं, कुठलं हुकूम देऊन हाकललं. मॉरिस म्हणतात, हाकलणं झालं, कत्तली झाल्या, पण हे सगळं आधी ठरवलेल्या एका योजनेनं नाही, युद्धातून घडलं. इलान पापे, तेही इस्रायली, त्याच काळाकडे बघून २००६ च्या पुस्तकात म्हणतात की नाही, ही ठरवून केलेली वांशिक सफाई होती. कागद बरेचसे तेच, वाचणारे दोन, निष्कर्ष दोन. आणि मजा म्हणजे मॉरिस पुढं राजकारणात बरेच उजवीकडे झुकले, तरी त्यांनी काढलेले कागद काही बदलले नाहीत. तेव्हापासून मी लेखकाचं मत आणि लेखकानं दाखवलेला कागद, हे दोन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला शिकलो.

माझ्या दोस्ताचाही एक पक्का समज होता. तो म्हणायचा, ज्यू सगळे युरोपातून आले, गोरे लोक, त्यांचा आशियाशी काय संबंध? त्याला मी आव्ही श्लाइम यांचं 'थ्री वर्ल्ड्स' दिलं, २०२३ चं. श्लाइम बगदादमध्ये जन्मले. घरात अरबी बोलायचे. १९४१ मध्ये बगदादमध्ये दंगल झाली, दीडशेहून जास्त ज्यू मारले गेले. १९५०-५१ मध्ये इराकमधले सव्वा लाखाच्या आसपास ज्यू देश सोडून इस्रायलला गेले. शतकानुशतकं तिथं राहिलेला समाज वर्ष-दीड वर्षात संपला. आणि इस्रायलला पोचल्यावर त्यांना तिथले युरोपीय ज्यू खालचे समजत. श्लाइम स्वतः इस्रायलच्या धोरणावर कडक टीका करतात, त्यामुळे माझ्या दोस्तानं आवडीनं पुस्तक उघडलं, आणि मध्येच मला रात्री अकराला फोन केला. "अरे, हे पण निर्वासितच की." मी म्हटलं, वाद घालायचा नाही असं ठरलंय. तो म्हणाला, "वाद कुठं घालतोय, सांगतोय."

आता मराठी माणसाच्या सगळ्यात जवळची गोष्ट. बेने इस्रायली. कोकणात, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून आपले पूर्वज आले, अशी त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव दिलं शनिवार तेली. आडनावं बघा : केहिमकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर. घरात मराठी. त्यांच्यातले हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

१९४८ नंतर यातले हजारो लोक इस्रायलला गेले. गेल्या शतकांत भारतात त्यांना ज्यू म्हणून कुणी छळलं नव्हतं. म्हणजे 'छळाकडून बळाकडे' ही वाट त्यांची नव्हतीच. आणि तिथं पोचल्यावर काय झालं? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काही जणांनी भेदभाव होतो म्हणून आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी करत धरणं धरलं, आणि शंभराहून जास्त लोक खरोखर परत आले. पुढं त्यातले बरेचसे पुन्हा इस्रायलला गेले, हेही तितकंच खरं. मग १९६० च्या दशकात तिथल्या मुख्य धर्मपीठानं आदेश काढला की बेने इस्रायली माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावायच्या आधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करा. तुम्ही खरे ज्यू आहात का, हे कागदावर दाखवा! या लोकांनी हार मानली नाही. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये त्यांनी आंदोलन केलं. प्रश्न थेट संसदेत गेला, पंतप्रधान लेवी एश्कोल यांना लक्ष घालावं लागलं, आणि धर्मपीठाला तो आदेश बदलावा लागला. कोकणातून गेलेल्या माणसांनी त्यांच्या राजधानीत धरणं धरून आपला हक्क घेतला. आणि एवढं होऊनही ते तिथंच राहिले, त्या देशाचे झाले, आणि इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले.

आता यांना कुठल्या स्टेटसमध्ये बसवायचं? 'इस्रायल जिंदाबाद'मध्ये ते मावत नाहीत, 'मुर्दाबाद'मध्येही नाही. मला वाटतं, ज्या मराठी माणसाला हा विषय समजून घ्यायचाय, त्यानं रणगाड्यापासून नाही, या शनिवार तेल्यांपासून सुरुवात करावी. तो देश आतून कसा आहे, किती प्रकारच्या माणसांनी भरलाय, ते मोसादच्या थरारकथांपेक्षा इथं जास्त कळतं.

भारताचाही लॉग जरा बघून घेऊ, कारण तोही आपण सोयीनं वाचतो. १९३८ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं, ज्यूंबद्दल सहानुभूती दाखवली आणि तरी अरबांवर ज्यू राष्ट्र लादायला विरोध केला. १९४७ च्या ठरावात भारतानं फाळणीच्या विरोधात मत दिलं. सावरकरांनी त्याच डिसेंबरमध्ये ज्यू राष्ट्राला जाहीर पाठिंबा दिला आणि भारताच्या मतावर टीका केली. नेहरूंच्या सरकारनं १७ सप्टेंबर १९५० ला इस्रायलला मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जोडायला १९९२ चा जानेवारी उजाडला, नरसिंह रावांच्या काळात. या सगळ्या प्रवासावर पी. आर. कुमारस्वामी यांचं 'इंडियाज इस्रायल पॉलिसी' हे पुस्तक आहे, जरा कोरडं आहे पण कामाचं. आपली स्वतःची फाळणी त्याच वर्षीची. त्यामुळे आपल्याकडे त्या फाळणीकडे कुणीच कोऱ्या डोळ्यांनी बघत नव्हतं. माझा दोस्त पंगतीत जे बोलला, ते १९४७ पासून चालूच आहे.

आता शेवटाकडे येतो. माझी आज्जी, आईची आई. पाटण तालुक्यातली. कोयना धरण झालं तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. गाव शिवसागरच्या पाण्याखाली गेलं आणि घरदार उचलून सगळे दुसऱ्या जिल्ह्यात वसाहतीत आले. अजून ती वसाहतीला 'वसाहत'च म्हणते, गाव म्हणत नाही. साठ वर्षं झाली.

मागच्या मे महिन्यात मी तिच्याकडे आरी शाविट यांचं 'माय प्रॉमिस्ड लँड' वाचत बसलो होतो. शाविट इस्रायली पत्रकार, देशावर प्रेम करणारा माणूस. त्यात लिडा गावावर एक प्रकरण आहे. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्यानं ते अरब गाव घेतलं आणि हजारो लोकांना उन्हातान्हात चालत बाहेर काढलं. शाविट ते लपवत नाहीत, आणि त्याशिवाय माझा देश उभा राहिला नसता, असंही म्हणतात. वाचवत नाही असं प्रकरण आहे ते. आज्जीनं विचारलं, काय वाचतोय एवढं तोंड पाडून? मी तिला गोष्ट सांगितली. घरांच्या किल्ल्या कित्येकांनी अजून जपून ठेवल्यात, हे पण सांगितलं.

तिनं विचारलं, "मग त्यास्नी दुसरीकडं जमीन दिली का न्हाई?"

मी म्हटलं, डिसेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला होता, १९४ नंबरचा. ज्यांना परत येऊन शांततेनं राहायचंय त्यांना येऊ द्या, बाकीच्यांना भरपाई द्या.

ती हसली. "कागदावर आमाला बी लय दिलंया."

मग थोडा वेळ शेंगा सोलत गप्प बसली. आणि म्हणाली, "आन् ज्यांनी ती घरं घेतली, त्यांची घरं कुनी घेतली हुती?"

मी तिला ६० लाखांचं सांगितलं. बगदादचं सांगितलं. १९२९ मध्ये हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले, त्यांच्या तिथं पिढ्यानपिढ्या राहिलेल्या वस्तीबद्दल सांगितलं. तिनं मान हलवली. बोलली काही नाही.

धरण आणि युद्ध एक नाही, हे मला कळतं. आज्जीच्या गावावर कुणी गोळी झाडली नव्हती. पण तिनं जे दोन प्रश्न विचारले, ते दोन्ही एका दमात विचारणारा माणूस मला टीव्हीवरच्या चर्चेत एकदाही दिसलेला नाही. तिथं प्रत्येकाकडे एकच प्रश्न असतो, आपल्या सोयीचा.

तर तुम्हाला वाचायचं असेल तर मी काय सांगेन? मराठीतून सुरुवात करा, पालकर आणि कानिटकर जरूर वाचा. पण शेजारी खालिदी ठेवा. शापिरा वाचलंत तर मॉरिसही वाचा, आणि मॉरिसच्या पाठोपाठ पापे. इंग्रजीला घाबरू नका, मीही मराठी माध्यमातलाच आहे. रोज दहा पानं, डिक्शनरीचं अ‍ॅप उघडं ठेवून. लेऑन युरिसचं 'एक्झोडस' वाचलं असेल तर लक्षात ठेवा, ती कादंबरी आहे. आपण तिला इतिहास समजून वाचतो. पुस्तक हातात घेतलं की आधी बघा, कुठल्या सालापासून सुरू होतंय, लेखकानं ते कधी लिहिलंय, आणि त्यात कुणाला नाव आहे आणि कुणाचा फक्त आकडा आहे. ज्यांचा फक्त आकडा आहे, त्यांच्या नावांसाठी दुसरं पुस्तक शोधा.

आम्ही दोघं एकमताला आलो का? नाही. तो अजून म्हणतो की मूळ अन्याय १९१७ चा. मी अजून म्हणतो की १९४५ नंतर ज्यूंनी दुसरं काही करावं अशी अपेक्षा करणं अवघड आहे. हमासनं ७ ऑक्टोबरला जे केलं त्याला तो गुन्हाच म्हणतो. त्यानंतर गाझात तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे ६० हजारांहून जास्त माणसं गेली, त्याला मी स्वसंरक्षण म्हणू शकत नाही. एवढं आम्ही दोघं एकमेकांसमोर म्हणू शकतो. आणि तेही मिरज स्टेशनसमोर चहा पिताना, आवाज न चढवता.

कानिटकरांची प्रत त्यानं परत दिली. बाइंडिंग करून. आबांनी पहिलं पान उघडून बघितलं, पानं मोजल्यासारखी केली, आणि विचारलं, "पोराला आवडलं का?" मी म्हटलं, आवडलं, पण अर्धंच आहे म्हणाला. आबा म्हणाले, "मग उरल्यालं अर्धं मला आनून दे."

तर मंडळी, सध्या आबांसाठी मी खालिदींच्या पुस्तकातली दोन-दोन पानं दर रविवारी फोनवर मराठीत सांगतोय. १९१७ चं प्रकरण अजून संपलेलं नाही, कारण आबा मध्येच प्रश्न विचारतात.

तुमच्या घरातल्या कपाटात या विषयावरचं कुठलं पुस्तक आहे, ते मला नक्की कळवा. आणि ज्याच्याशी या विषयावरून तुमचं बोलणं बंद झालंय, त्याला हा भाग पाठवायच्या आधी एक फोन करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.